शेणाच्या टोपलीतली सुरंगी

होय गो आई, मालकिणीच्या त्याच घरात जाते. आणि पुढच्या दाराने जाते, चपला घालून. बघ, वरती तुला ठसका लागला असेल.

भाटकारणीच्या नातीने ते घर आणि बाग लोकांना बघायला उघडलीय. शनिवार-रविवार मी जाते, हौसेने. झाडांना पाणी घालते, पाचोळा झाडते, आणि मोरजीच्या दर्यावर निघालेले पाहुणे वाटेत उतरले की त्यांना घर दाखवते. ज्या कदेलीवर बसून भाटकारीण तुला हाका मारायची, त्या खुर्चीला आता दोरी बांधलीय, कुणी बसू नये म्हणून. मी बसते. आजूबाजूला कोण नसलं की. सून म्हणते, आता कोकणी राजभाषा झाली, तुम्ही कोकणीत सांगा. म्हटलं, मास्तरांनी छडी मारून मराठी शिकवली, ती वाया कशी घालवू? भांडायला कोकणी आहेच.

विहिरीजवळची सुरंगी अजून उभी आहे. शिमग्याच्या दिवसांत फांद्या कळ्यांनी भरतात. ऊन चढायच्या आधी खाली चादर घालून कळ्या काढायच्या, उमलल्या की गेल्या कामातून. मागच्या पडवीत तू नि मी केळीच्या दोऱ्यात त्या गुंफत बसायचो. पहिली फाती देवीला. ती देवीला घातल्याशिवाय दुसऱ्या गजऱ्याचा वासही कुणी घ्यायचा नाही, म्हणून तू नाकाला पदर लावून गुंफायचीस. हे सगळं मी पाहुण्यांना सांगते.

मग सांगते ती गोष्ट. एका मोलकरणीने देवीची फाती केळीच्या पानात गुंडाळून शेणाच्या टोपलीत लपवली. घरचं अंगण सारवायला ती रोज शेण न्यायची. पण सुरंगीच ती, शेणाला थोडीच ऐकते! मागच्या दारात भाटकारणीने नाक वर केलं. मी तसंच नाक वर करून दाखवते. "काय गो, आमच्या म्हशी आता सुरंगी खातात?" लोक असे हसतात म्हणून सांगू! पुण्याच्या एका बाईला तर बसवावं लागलं, त्याच कदेलीवर.

ती मोलकरीण म्हणजे तू, हे मी सांगत नाही. पुढचंही नाही. "उद्यापासून उंबऱ्याला पाय लावू नको," भाटकारीण म्हणाली. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "चुकलं, बाय." त्या उन्हाळ्यात तू काजूच्या बिया फोडायला गेलीस. बियांतल्या जळजळीत डिकाने बोटांची सालं निघाली. पेज वाढताना वाडगा दोन मनगटांत धरायचीस. मला मात्र शब्दाने विचारलं नाहीस.

काल भाटकारणीची नात म्हणते, "मावशी, ती गोष्ट लोकांना फार आवडते. सुरंगीखाली पाटीच लावूया. त्या चोरट्या बाईचं नाव काय होतं?"

"आठवत नाही गो बाय."

"तुम्हाला आठवत नाही? तुम्हाला तर आमच्या म्हशींचीही नावं पाठ आहेत! आठवा बघू. सोमवारी रंगारी येतोय."

आज रविवार, पण गेले नाही. दुपारपासून हे लिहीत बसलेय. टाकू कुठे? पोस्टमन आधीच मला अर्धी वेडी म्हणतो. तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवीन.

फाती मी लपवली होती, आई. तू टोपली उचललीस तेव्हा तुला पत्ताही नव्हता. नऊ वर्षांची होते, घाबरले, असं म्हटलं असतं. पण काल नातीसमोर उभी होते तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, आणि तेव्हाही गप्प बसले.