घड्याळं गोल दिसेपर्यंत

तीर्थरूप दादा,

तुला आणि वहिनीला इथून वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर पुन्हा सरळ व्हायला जरा वेळ घेते, पण तो उभं राहून धंदा करणाऱ्यांचा जुना रोग आहे, काळजीचं कारण नाही.) तुझा खोकला कसा आहे? दुकानाचं शटर अजून अर्ध्यात अडकतं का? आमच्याकडे सगळं ठीक. ही काउंटर सांभाळते, मी कॅमेरा सांभाळतो आणि स्टुडिओ आम्हा दोघांना सांभाळतो.

हे पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं, कारण घरी फोन केला की वहिनीच उचलते, आणि तू उचललास तरी ती शेजारी बसून ऐकते. विषय तिचाच आहे. आजारपणानंतर डॉक्टरांनी बोलावलेल्या फेरतपासणीला ती जायचं नाव घेत नाही आणि कारण म्हणून माझं नाव घेते, हे तू परवा दबक्या आवाजात सांगितलंस. “भावजींनी फोटो बघून सांगितलंय, अंगाने पूर्वीसारखी भरलेय मी. त्यांना चेहऱ्यातलं कळतं,” असं ती म्हणते म्हणे. तिचं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पहिलं मात्र मी या पत्राने मागे घेतो. मी सहसा दिलेलं मत मागे घेत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा कारणही तसंच असणार हे तू ओळखलं असशीलच. ते कारण मॉनिटर आहे.

आता सविस्तर सांगतो. माझा जुना चौकोनी मॉनिटर गेला (शेवटपर्यंत इमानदार होता) आणि त्याच्या जागी मी एक नवा, लांबरुंद, खिडकीएवढा आणला. कॉम्प्युटर मात्र तोच. त्यावर हिच्या भावाने मागे विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, फुकट आहे आणि जुन्या यंत्राला झेपतं म्हणून. ते मला उत्तम जमतं. नवा मॉनिटर जोडला, जुनीच वायर लावली, चित्र आलं, काठोकाठ भरून आलं. मी हिला म्हटलं, बघ, लोक उगाच माणसं बोलावतात. आणि त्याच आठवड्यात तू तुमच्या दोघांचा फोटो मेलने पाठवलास, मोठा करून दुकानात लावायला. तूच टायमर लावून काढलेला, पुढे तू आणि वहिनी, मागे तुझ्या दुकानातली भिंतभर विकायची घड्याळं. दादा, त्या स्क्रीनवर वहिनी अशी दिसली की मला भरूनच आलं. तेच गोल गाल, तेच खांदे. आजारपणात तिला बघायला यायला जमलं नाही याची जी बोच होती, ती त्या फोटोने एकदम गेली. लगेच फोन लावला आणि निकाल देऊन टाकला. तू म्हणालास, मला तर ती अजून उतरलेलीच वाटते. त्यावर रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, असं मीच तुला ऐकवलं.

ही मागे उभी होती. म्हणाली, जाऊबाई छान दिसतायत, पण दादांची घड्याळं का अशी आडवी झालीयत? बघितलं तर खरोखरच तुझ्या भिंतीवरचं एकूणएक घड्याळ अंड्यासारखं पसरलं होतं. मी तिला समजावलं की लेन्सच्या कडेला असं होतं, हा प्रकाशशास्त्राचा भाग आहे. (भिंतीच्या मधोमध असलेलं घड्याळही अंड्यासारखंच होतं. पण तिने ते विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.)

त्यानंतर एकूणच गिऱ्हाइकं मला जरा सुखवस्तू वाटू लागली. जो येईल तो फोटोत अंगाने भरलेला. दिवस बरे आले असतील म्हणून मी मनातल्या मनात आनंद मानला. मग आले बेकरीवाले. माणूस मूळचाच भरगच्च, त्यात या स्क्रीनवर तर ते कडेला मावेनात. दुकानात लावायला मोठा फोटो हवा होता आणि जाता जाता हळूच म्हणाले, जरा माफक करा. मी माझी सगळी कला पणाला लावून त्यांना दोन्ही बाजूंनी आत घेतलं आणि स्क्रीनवर अगदी देखणे करून छपाईला पाठवले. फोटो छापून आला, ते तो घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आले. त्यांच्या आईने फोटो बघून विचारलं होतं, तुला एवढं काय झालं होतं आणि मला कसं कळवलं नाहीस? त्या फोटोत बेकरीवाले खरोखर त्यांच्याच लांब पावासारखे दिसत होते, आणि तोही सुकलेला.

मी अर्थातच छपाईवाल्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे येऊन बसला आणि म्हणाला, साहेब, मी जसं येतं तसं छापतो, पट्टी लावून बघा. मी मुद्दाम तुझा नि वहिनीचाच फोटो उघडला, मधल्या घड्याळावर पट्टी ठेवली, आडवी आणि उभी. आडवं माप बरंच जास्त भरलं. तेव्हा प्रकाशशास्त्राला सोडून देऊन मी लिनक्सकडे वळलो.

सेटिंगमध्ये स्क्रीनचं माप बदलायची सोय असते. तिथे गेलो तर चपलांच्या दुकानात दोनच नंबर शिल्लक असावेत तशी दोनच मापं, आणि दोन्ही जुन्या चौकोनी मॉनिटरची. नव्याचं माप यादीतच नाही. म्हणजे कॉम्प्युटर चौकोनी चित्र पाठवत होता आणि मॉनिटर ते दोन्हीकडे ओढून आपलं अंग झाकत होता. दुखणं कळलं, आता औषध काय अवघड? इंटरनेटवर वाचून मी ती काळी खिडकी उघडली, जिच्यात आज्ञा टाइप करून द्यायच्या असतात. एका आज्ञेने आकड्यांची भलीमोठी आगगाडी बाहेर पडली, ती उचलून दुसऱ्या आज्ञेत जोडायची होती. जोडताना एखादा डबा माझ्याकडून निसटला असावा, कारण स्क्रीन काळी झाली आणि तिच्यावर एक चौकट फिरू लागली, की हे आपल्या मर्यादेबाहेरचं आहे. मर्यादा कुणाची, हे तिने स्पष्ट केलं नाही. बंद करून चालू केलं, पुन्हा दोनच नंबर. पुढच्या खेपेला आगगाडी नीट जोडली, तर चित्राची उजवी कड मॉनिटरच्या बाहेर गेली आणि खिडक्या बंद करायची फुलीही तिच्याबरोबर गेली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारा प्रोग्राम, बदलला. त्यानंतर चित्रच नाही, काळ्यावर पांढरी अक्षरं आणि ती माझंच नाव मला विचारतायत. बाहेर काउंटरवर लोक पासपोर्टच्या फोटोसाठी ताटकळलेले. ही त्यांना सांगत होती, साहेब आत महत्त्वाच्या कामात आहेत. ते खोटं नव्हतं. बदललेला ड्रायव्हर मी पुन्हा होता तसा करून दाखवला, ही गोष्ट सोपी नसते, पण त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

शेवटी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या जागी सगळं लिहून विचारलं. तिथे ‘म्हातारा कावळा’ असं टोपणनाव घेतलेले एक गृहस्थ आहेत. मी एवढ्या आज्ञा, एवढी आगगाडी लिहिली, आणि त्यांनी एकच विचारलं, वायर कोणती आहे? मला अपमान वाटला. उत्तर द्यायचं म्हणून टेबलाखाली शिरलो, वायर काढून तिचं तोंड बघितलं आणि जुनी ओळख पटली. फार पूर्वी त्या वायरीच्या तोंडातली एक काडी वाकली होती, ती काही केल्या सरळ होईना, म्हणून मी पकडीने उपटून टाकली होती. जुन्या मॉनिटरवर चित्र तसंच छान येत राहिलं, म्हणून ती काडी जास्तीची होती असा निष्कर्षही काढला होता. हे कळवल्यावर कावळेबुवा म्हणाले, अहो, रंग आणि चित्र बाकीच्या काड्यांतून जातं, त्या काडीतून मॉनिटर कॉम्प्युटरला आपलं माप सांगतो. ती नसली की त्याला स्वतःबद्दल काही सांगताच येत नाही, मग कॉम्प्युटर आपल्या अंदाजाने जे सुरक्षित वाटेल ते माप धरतो.

नवी वायर आणली. लावली, चालू केलं, आणि एकही आज्ञा न देता सगळं आपोआप जागेवर बसलं. अक्षरं बारीक पण रेखीव. मी हिला हाक मारली आणि ऐटीत तुमचा फोटो उघडला. तुझी सगळी घड्याळं गोल झाली होती. छपाईवाल्याचीच पट्टी लावून मोजली, दोन्ही बाजूंनी सारखी. मग वहिनीकडे बघितलं.

दादा, गाल पार बसलेत रे तिचे. गळ्याची हाडं वर आलीयत आणि ब्लाउजची बाही दंडावर नुसती अडकवल्यासारखी दिसते. तू म्हणत होतास तेच खरं होतं आणि मी इथे बसून, ओढून ताणलेल्या चित्रावरून, तुझे डोळे खोटे ठरवले. ही पदराने स्क्रीन पुसल्यासारखं करून आत गेली. वहिनीला आपणहून काही सांगायची सवय नाही. मी शाळेत असताना ताप अंगावर काढून माझा डबा करायची ती. तेव्हा अंदाजाने काही ठरवू नकोस. समोर बसवून विचार, जेवण जातं का, रात्री झोप लागते का, आणि तपासणीला घेऊन जा.

हिचा तुम्हा दोघांना नमस्कार. शटरला तेल घाल.

तुझा धाकटा

ता. क. – वहिनीला यातलं काही वाचून दाखवू नकोस. फोटोत उजेड कमी पडला, पुन्हा काढायला हवा, असं मी कळवल्याचं सांग. तसाही तुझा टायमर लवकर उडतो, तू त्यात अर्धा बसलेला आहेस.

ता. क. २ – ती तुझं ऐकणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून रविवारी आम्ही दोघं येतोय, कॅमेरा घेऊन. सोमवारी सकाळी तिला मीच दवाखान्यात नेतो, तू फक्त डॉक्टरांकडे नंबर लावून ठेव. माझ्या शब्दावर ती थांबलीय, तर माझ्याच शब्दावर उठेल.

ता. क. ३ – हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं लिहिताय तर सगळंच लिहा. बरं, लिहितो. नवी वायर काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवलीय आणि जुनीच परत लावलीय. त्या वायरीने स्क्रीनवर वहिनी बरी दिसते. तपासणीचा निकाल हाती आला की बदलेन, तोवर तुझी घड्याळं आडवीच राहू देत.