विलाचा बीजगणिताचा पेपर आणि हार्लनची गाय

प्रिय वर्नाताईस,

धाकट्या एल्डनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नवा गुडघा जुन्यापेक्षा बरा चालतो असं तू फोनवर म्हणालीस, पण तू जुन्याबद्दलही कधी तक्रार केली नव्हतीस, त्यामुळे खरं काय ते तुझ्या तोंडून कळणं अवघड. नदीच्या या काठाला आम्ही ठीक आहोत. शाळेची बस मी अजून चालवतो आणि आजवर एकदाही ती ओढ्यात घातलेली नाही.

विलाचं तुला अर्धवटच माहीत आहे, म्हणून सगळं लिहितो. आपल्या राज्यात शाळा पूर्ण झाली असं म्हणायला बीजगणिताची एक परीक्षा पास व्हावी लागते. बाकी सगळे विषय सुटले, चार वर्षं एक दिवस खाडा केला नाही, तरी त्या पेपराविना डिप्लोमा नाही. आणि डिप्लोमा नाही म्हणजे ऑगस्टमध्ये जनावरांच्या दवाखान्याच्या कोर्सला प्रवेश नाही. आमची पोरगी गायीच्या पोटावर हात ठेवून सांगते की वासरू आज येणार की उद्या, आणि तसंच होतं. पण तिला तो क्ष काही सापडला नाही. दोनदा नापास झाली. (दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा तीन गुण कमी पडले. मधल्या काळात मी तिला शिकवत होतो.)

मग माझं डोकं फिरलं. शाळेच्या मंडळाची महिन्याची सभा होती, तिथे जुन्या पेपराच्या प्रती घेऊन गेलो आणि उभा राहून म्हणालो की जे तुम्ही मुलांकडून मागता ते आधी स्वतः सोडवून दाखवा. मला वाटलं होतं, ते चिडतील आणि मी ताठ मानेने बाहेर पडेन. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आण इकडे, आणि तूही बस. ताई, सात मोठी माणसं अर्धा तास पेन्सिली चावत बसली होती. अध्यक्षीणबाईंना दहापैकी तीन आली. मला दोन आली (त्यातलं एक शेजाऱ्याकडे बघून). दफनाची व्यवस्था बघणाऱ्या मिस्टर टेटमना मात्र नऊ आली आणि म्हणाले, पेपर छान आहे, चालू ठेवावा. शेवटी ठरलं काय, तर नियम राज्याचा, मंडळाच्या हातात काही नाही. हे त्यांना पहिल्या मिनिटालाही सांगता आलं असतं.

त्यामुळे मे महिन्यातला तिसरा पेपर हाच शेवटचा. आता जे लिहितो ते मी अजून कुणाला लिहिलेलं नाही. पेपराच्या दिवशी पहाटे पाचला हार्लन क्रूगरचा फोन आला. रस्त्यापलीकडचा हार्लन, तुला आठवत असेलच (तुझ्याबरोबर नाचायला मिळावं म्हणून त्याने एकदा बूट उसने आणले होते). त्याची गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं, जनावरांचा डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गोठ्यात. विलाला पाठव, म्हणाला. ती वरच्या खोलीत झोपली होती. मी म्हणालो, ती घरी नाही, मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलीय. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो आणि ते सहज जमलं. मग तिला साडेसहाला उठवलं, अंडी केली, शाळेत सोडलं. गाय वाचली. वासरू गेलं.

संध्याकाळी मीच तिला सांगितलं. लपवता आलं असतं, पण ती पेपर बरा गेला म्हणून गुणगुणत भांडी घासत होती आणि मला ते ऐकवेना. तिने नळ बंद केला. म्हणाली, "मला उठवून विचारायचं होतंस, बाबा. जायचं की नाही ते मी ठरवलं असतं." त्यानंतर नऊ दिवस आमच्या घरात फक्त कुत्र्याशी बोलणं झालं. दहाव्या दिवशी निकाल आला. दोन गुणांनी नापास.

मी बसमध्ये जाऊन बसलो, ताई. इंजिन चालू न करता तासभर बसलो. वासरू गेलं आणि पेपरही गेला, आणि दोन्ही वेळा शहाणपण माझं.

पुढचं मात्र पिकरेलबाईंचं काम. या शाळेतल्या समुपदेशक, चणीने एवढ्याशा, पण राज्याच्या नियमांचं अख्खं बाड त्यांनी वाचलेलं. त्यांनी शोधून काढलं की परीक्षेऐवजी अडीचशे तासांचं खरं काम चालतं, फक्त ज्याच्याकडे काम केलं त्याने तारीखवार लिहून सही द्यायची. हे ऐकून हार्लन गोठ्यातली चार वर्षांची कॅलेंडरं खिळ्यांसकट उपटून शाळेत घेऊन गेला. प्रत्येक वेताच्या तारखेपुढे 'विला आली' आणि किती वाजता ते लिहिलेलं. तीनशे बारा तास भरले. काही पानांवर शेण होतं, तरी पिकरेलबाईंनी तशीच जोडली. राज्याने मान्य केलं. शनिवारी सकाळी दहाला शाळेच्या मैदानावर डिप्लोमा द्यायचा समारंभ आहे.

तुझा भाऊ,
एल्डन

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. विला म्हणते, हार्लनकाकांना खरं सांगितल्याशिवाय मी स्टेजवर जाणार नाही. त्याने सही केली ती मी खोटं बोललो हे माहीत नसताना. मी तीनदा त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तुझं तो ऐकतो. शुक्रवारीच येशील का, आणि तूच त्याला सांगशील का?

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात हार्लन शिडी मागायला आला आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. तो म्हणाला, "ठाऊक होतं. डॉक्टरला शोधायला निघालो तेव्हा तिची गाडी तुझ्या अंगणातच होती." मी विचारलं, मग दार का नाही वाजवलंस? तो शिडी खांद्यावर घेत म्हणाला, "पेपर होता ना तिचा." आणि गेला.