साचा एकच हाय

पेण,
५ ऑगस्ट १९९८

प्रिय रूथ,

तुला, आईबाबांना नमस्कार. शुद्धलेखन चुकलं तर हसू नको, माझी शाळा आठवीतच सुटली. त्यात हे टायपिंग क्लासातलं मशीन. एकेक अक्षर शोधून दाबते, अर्ध्या तासात एवढंच झालंय. आयेने मागच्या आठवड्यात क्लासला घातलं. का ते सांगते.

इकडे सगळी बरी. गणपती पंचवीस तारखेला. तुझं मार्चमधलं पत्र मिळालेलं. उत्तर दिलं नाय.

त्यात तुझ्या धाकट्या भावाचा, रूबेनचा फोटो होता, तोंडावर गॅसचा मुखवटा. लढाई होईल म्हणून तिकडे तुमच्या ज्यूंच्या देशात घरोघरी वाटले, तुम्ही रांगेत उभे राहिलात, असं तू लिहिलेलंस. मी हसले गो. पुढचं नळकांडं बघून म्हटलं, हा तर आपला गणपती! आमच्या मूर्तींच्या कारखान्यात भिंतीला चिकटवला. मोरूकाका बोलला, "सोंड आखूड झाली." सगळे हसले. माझ्या बोलण्यावर कोण कधी हसत नाय, मला बरं वाटलं. मग तुला लिहायला तोंडच नव्हतं.

मे महिन्यात आपल्या सरकारने पोखरणला बॉम्ब फोडून बघितले. कारखान्यात पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पंधरा दिवसांत पाकिस्ताननेपण फोडले. मग रोह्याच्या एका मंडळाची ऑर्डर आली: आठ फुटी गणपती, बॉम्बवर बसलेला, पायाखाली दुश्मनाचं जळतं गाव.

आता घराचा साचा कारखान्यात एकच, गौरीच्या देखाव्याचा. उतरती कौलं, पडवी, दारात तुळस. पोरांनी तुळशी तासून टाकल्या आणि वीस घरं मांडली. मालक जगनशेट बोलले, "सगुणा, घरांना काळा मार, वर ज्वाळा काढ, मग डोळे आख." डोळे आखणाऱ्या मोरूकाकाचा हात आता थरथरतो, म्हणून डोळ्यांची आखणी यंदा माझ्याकडे. डोळे नसलेली मूर्ती कोण नेत नाय.

मी ब्रश खाली ठेवला. "शेट, हे आमचं गडब गाव हाय."

"अगो, दुश्मनाचं गाव हाय ते!"

"मग कौलं आपली कशी?"

"साचा एकच हाय! दुसरा काय लाहोरहून मागवू?"

सगळे हसले. माझे कान तापले. तुला माहीत हाय, शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी माझा आवाज फुटायचा नाय.

शेट समजावत बोलले, "बॉम्ब म्हणजे धाक गो. धाक असला की आपल्याला कोण हात लावत नाय."

मी भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. "ह्यांच्याकडे लष्कर काय कमी हाय? मग ह्या पोराच्या तोंडावर हे कशाला?"

कोण हसलं नाय.

"डोळे आखतेस का घरी जातेस?"

"गाव काढा, आखते."

"नाय काढणार."

"मग मी नाय आखणार."

झाले आठ दिवस. आये बोलते, "देशापेक्षा मोठी झालीस? आता मशीनच बडव." काल मोरूकाका घरी आला. दुसऱ्या दोघांनी हात लावून बघितला, तर एक डोळा पनवेलकडे बघतो, एक रोह्याकडे. पुसून ठेवलेत. शनिवारी मंडळाची माणसं यायची हायत. शेट बोलले, माफी माग आणि ये. मी काकाला चहा दिला. बोलले, "शेटना सांग, गाव काढलं की येते."

दुसऱ्या कारखान्यांतपण कळलंय, आता मला कोण ठेवणार नाय. रूथ, मला डोळे आखण्याशिवाय काय येत नाय. रात्री बोटं आपोआप चादरीवर आखतात. तरी जाणार नाय.

माफी मागायची ती तुझी. आणि रूबेनची. त्याला वाचून दाखव. फोटो आता माझ्या पेटीत हाय, कोणाला दाखवत नाय.

रागव, शिव्या घाल, पण लिही.

तुझीच,
सगुणा

ता. क. आपल्या वर्गातली प्रतिक्षा सोमवारी वडखळच्या कंडक्टरबरोबर पळून गेली. त्याच्याच एसटीने. तिकीट काढून.