कंपनीचा दवाखाना, समितीची नर्स

माय, कालपासून तुझी आठवण येते आहे, आणि तीही रागानं. म्हणून लिहायला बसलो.

तुला पंचायत समितीवर घेतलं ते वर्ष आठवतं. राज्य नवं, समिती नवी, खुर्च्यांना अजून वार्निशचा वास. कायद्यात एक बाई हवी होती म्हणून तुला घेतलं. तिनं बोलावं असं कायद्यात कुठं नव्हतं, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसायचीस, चहा बशीत ओतून प्यायचीस आणि दाखवतील तिथं सही करायचीस. मी तेव्हा खामगावच्या एका साप्ताहिकात पुढाऱ्यांना चिमटे काढत असे, म्हणून वार्ताहर या नात्यानं मला दाराशी स्टूल मिळे. परतताना बैलगाडीत तू एवढंच विचारायचीस, "आज कोनाले टोचलं?"

त्याच साली गावामागच्या टेकडीवर गिट्टीची खदान आली. गावसभेत कंपनीचा मॅनेजर म्हणाला, आम्ही गावाला दवाखाना बांधून देऊ, तीन खोल्या आणि पुढं ऐसपैस ओसरी. टाळ्या पडल्या. तू वाजवली नाहीस. ताईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पावसाळा, अडलेली ताई, मेहकरच्या वाटेवर चिखलात रुतलेली गाडी. तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं, आणि मेहकर यायच्या आत ती गेली.

मग समितीची ती सभा. समितीच्या आराखड्यात आपल्या गावासाठी एक नर्स आधीच मंजूर आहे. सभापती हसत उठतात. "कंपनी दवाखाना देऊनच राह्यली, तं आपली नर्स तिथं काऊन ठेवाची? माह्या गावाले द्या." सगळे माना डोलावतात, बीडीओ साहेब पेनाचं टोपण काढतात. आणि कोपऱ्यातून तुझा आवाज येतो.

"कंपनीच्या दवाखान्यात नर्स कोन ठेवन?"

"कंपनी ठेवन ना, बाई."

"तसं ते बोलले काय?"

मॅनेजर फक्त बांधकामाचं बोलला होता. हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकानं ते दुसऱ्याला माहीत असेल म्हणून सोडून दिलं होतं. सभापती म्हणाले, "बाई, आज चहात साखर जास्त पडली वाटते!" सभा हसली. तू हसणं संपू दिलंस. "भिंती बाळंतपन करत नाहीत, साहेब. त्यायच्या भिंती अन् आपली नर्स एकाच जागी ठेवा. तसं आराखड्यात लिव्हा, मंगच माही सही." एका सहीवाचून समितीचं काही अडत नव्हतं. पण सभापतींनी दाराकडं, म्हणजे माझ्या पेन्सिलीकडं पाहिलं, आणि नर्स आपल्या गावातच राहिली. माझ्या लेखणीचा देशाला झालेला उपयोग तेवढाच.

मग जागेवरून अडलं. कंपनीला दवाखाना खदानीच्या फाटकाच्या आत बांधायचा होता, जागा सपाट म्हणून. तू मॅनेजरला जेवायला बोलावलंस. चुलीपाशी पाट मांडून भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. ठेच्यानं त्याचे डोळे भरून आले तेव्हा तू विचारलंस, "साहेब, तुमच्या बाईसाहेब कुठं बाळंत झाल्या?"

"नागपूरला. माहेरी."

"खदानीच्या फाटकात काऊन नाही? जागा तं सपाट हाये."

तो तांब्याभर पाणी प्याला. मग सांगू लागला की गावठाणातली जागा चढाची आहे, जोतं भरून घ्यावं लागेल, खर्च वाढेल, म्हणजे ओसरी गेली आणि एक खोलीही गेली. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "नको ओसरी. खदान सरन अन् तुमी जासान. दवाखाना गावात राहू द्या."

तसंच झालं, आणि गावानं तुझ्याशी अबोला धरला. एका बाईच्या तोंडापायी ओसरी गेली, हे वाक्य मी तुझ्या तेराव्याला, तुझ्याच नावाचे लाडू खाणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं. पुढं खदान सरली, कंपनी दुसऱ्या टेकडीवर गेली. तिथल्या गावानं मॅनेजरला हार घालून फाटकातला दवाखाना घेतला, तीन खोल्यांचा, ओसरीसकट. आराखड्याचं तिथं कुणी विचारलं नाही, समितीनं नर्स दिली नाही. आता त्या ओसरीत शेळ्या बसतात. त्यांची काही तक्रार नाही.

काल माझ्या लेकीला, तुझ्या नातीला, कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली आहे. दवाखाना हाकेच्या अंतरावर, गाडी जुंपावी लागली नाही. ती चालत गेली, मध्येच थांबली, पुन्हा चालली. आम्ही पुरुष बाहेर, भर उन्हात, टेकायला बोटभर सावली नाही. शेजारचा म्हणाला, "माय तुही लय हट्टी होती, गड्या. ओसरी घेतली असती तं काय बिघडलं असतं?"

"हाव ना," मी म्हणालो. "ऐकते कोनाचं ते?" आणि बराच वेळ बोलत राहिलो, कारण आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. कळवायचं एवढंच होतं, आणि कुठं कळवायचं ते माहीत नाही, तेव्हा हा कागद माझ्यापाशीच राहील. पण ती पहिल्यांदा रडली त्या वेळी मी चारचौघांत तुला नावं ठेवत उभा होतो, हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.