जालन्यात पाहण्यासारखी चार ठिकाणं

कुंभार पिंपळगाव,
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. भार्गवी हिस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या दादाच्या दोन्ही मुलांना, अक्षता आणि मुकुलला, सुट्टी लागते आहे आणि शहर पाहायचं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं आहे. शहर म्हणजे पुणे, असं अक्षताचं म्हणणं होतं. मी जालना म्हणालो. जालना जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि तिथे तू आहेस. तिने तोंड वाकडं केलं, पण मंजूर केलं.

तेव्हा लहान मुलांना घेऊन एका दिवसात पाहता येतील अशी ठिकाणं लिहून पाठव. प्रत्येक ठिकाणी सावली आहे का, बसायला जागा आहे का, आणि तुझ्या आईच्या गुडघ्यांना चढ किती, हेही लिही. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू सगळ्याला हो म्हणतेस आणि मला निम्मं ऐकू येत नाही. पोस्टमास्तराच्या मुलीला पत्राचा कंटाळा असू नये.

दुपारी सामान टेकवायला तुझ्या घरी येऊ. डबा आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीप्रमाणे आमच्या आम्ही आणू. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा आपल्या घरचा नियम मागच्या खेपेला मी जावईबापूंना समजावून सांगितला. कल्याणराव हसले, पण त्यांना पटला असावा. या खेपेला ऊन फार आहे, म्हणून एक बाटली जास्त आणीन.

बाकी सर्व क्षेम. मोसंबी बरी आहे. लोभ आहेच, तो लवकर उत्तर लिहून दाखवावा.

तुझे बाबा

ता. क. भार्गे, मी तुझ्या स्वयंपाकघरात उभ्याने पाणी पिते हे तुला ठाऊक आहे, ह्यांना नाही. ह्यांचा चष्मा सध्या माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. — आई

---

जालना,
२८ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोहोचलं. आमच्या इमारतीत हाताने लिहिलेलं पत्र येत नाही, त्यामुळे पोस्टमनने घरात कुणी आजारी आहे का, असं विचारलं. नाही म्हणाले.

ठिकाणं अशी. पहिलं मोतीबाग. तळ्याकाठी आहे, चढ नाही, बाकं आहेत, सकाळी सावली मिळते. झोपाळ्यांवर मोठी माणसं बसलेली असतात, त्यांना मुलांनी उठवायचं असतं. अक्षता ते करेल. दुसरं, रेल्वे स्टेशन. मुकुलने गाडी जवळून पाहिलेली नाही. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि पंख्याखालचं बाक धरायचं. तिसरं, बाजारातलं कपड्यांचं मोठं दुकान. तिथे सरकता जिना आहे. काही न घेता वर-खाली करता येतं, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर काय दाखवू म्हणून विचारतात. आईने एखाद्या साडीला हात लावून उभं राहावं, ती त्यात तरबेज आहे. घाणेवाडीचं तळं मी यात धरलं नाही. दूर आहे, आणि मे महिन्यात पाण्यापेक्षा काठच जास्त दिसतो.

चौथं ठिकाण दुसऱ्या मजल्यावर आहे. प्रवेश मोफत. जिन्याला कठडा आहे, आईने धरून यावं. पंखा आहे. गॅलरीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते. पाहण्यासारखं म्हणजे एक लेक, एक जावई आणि त्यांचा सहा वर्षांचा संसार. नियम एकच आहे. बाहेरचं पाणी आत आणायला मनाई आहे. बाटल्या खाली वॉचमनकडे ठेवाव्यात.

बाबा, इथवर गमतीत लिहिलं, पुढचं गमतीत लिहिता येत नाही. आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलो ते तुम्हाला माहीत आहे. मूल होईल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही. लोक वर्षभर काय काय विचारतात, ते मला आता लागत नाही. तुम्ही माझ्या घरात बसून बाटलीचं झाकण उघडता, ते लागतं. मागच्या वेळी शेजारच्या काकूंनी विचारलं की तुमच्या वडिलांना बाहेरचं पाणी बाधतं का. मी हो म्हणून मोकळी झाले. मूल झालंच नाही, तर तुम्ही जन्मभर माझ्या घरून तहानलेलेच परत जाणार का?

नियम पाळणं जमणार नसेल, तर चौथं ठिकाण खोडून टाका. मी मोतीबागेत येऊन भेटेन. पहिली तीनही चांगली आहेत.

आईला नमस्कार, मुलांना पापे. लोभ असावा, येताना तहान असली तर फारच बरं.

तुमची भार्गवी

---

वडीगोद्री,
६ मे २०२५

चि. गिरिधर यास,
उषाताईचा आशीर्वाद.

तू भार्गवीचं पत्र सोबत जोडून पाठवलंस, आणि आता घरात मोठी बहीणच वडीलधारी, तर काय करावं ते सांग, असं लिहिलंस. साठी उलटल्यावर भाऊ सल्ला मागतो आहे याचं बरं वाटलं. मोतीबागेचं वर्णन पोरीनं बराबर केलं आहे.

मला मूलबाळ झालं न्हाई हे तुला नव्यानं सांगायला नको. आपले आप्पा वर्षातून एकदा माझ्याकडे यायचे ते फिरकीचा तांब्या घेऊन. चहा न्हाई, ताक न्हाई. एकदा मी काकडी चिरून ठेवली, तर काकडीतही पाणी असतं म्हणाले. आप्पांच्या मागं त्यांच्या जागी म्हणून तू तेच सुरू केलंस. भाऊ येतो आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हाई. आप्पा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा मी पिंपळगावला आल्ते ती आमच्या आडाच्या पाण्याची बाटली पिशवीत लपवून घेऊन. तुम्ही सगळे ओसरीत डॉक्टरशी बोलत होतात. मी चमच्यानं आप्पांना ते पाजलं. पाणी गोड आहे म्हणाले. कुठलं, ते मी सांगितलं न्हाई. मंग त्यांनी आणखी मागितलं.

नियम मोडला की न्हाई ते तू ठरव, तुला नियमांची आवड आहे. मला एवढंच कळतं की माझ्या घरचं पाणी बापाला पाजायला मला त्याच्या मरणापर्यंत थांबावं लागलं. भार्गवीला तेवढं थांबवू नको.

रजनीला सांग, गुडघे जप, कैऱ्या पाठवते. माया आहे, ती पत्रात संपवू नको.

उषाताई

---

कुंभार पिंपळगाव,
१८ मे २०२५

ती. उषाताईस,
गिरिधरचा सा. न. वि. वि.

काल सहकुटुंब जालना पाहून आलो. मोतीबाग ठीक आहे. अक्षताने झोपाळ्यावरून दोन सद्गृहस्थांना उठवलं, त्यांतले एक निवृत्त तहसीलदार निघाले. मी क्षमा मागितली. स्टेशनवर गाडी वेळेवर आली आणि लगेच गेली, त्यामुळे मुकुलची निराशा झाली. सरकत्या जिन्यावर रजनी चढायला तयार नव्हती, नंतर उतरायला तयार नव्हती. शेवटी साडी घेऊन उतरली.

चौथ्या ठिकाणी दुपारी पोहोचलो. मी बाटल्या वॉचमनकडे दिल्या. तो म्हणाला की इथे असा काही नियम न्हाई. मी त्याला सांगितलं की आहे.

भार्गवी दारात उभी होती. माझ्या हातांकडे पाहत होती, तोंडाकडे नाही. मी सकाळपासून मुद्दामच पाणी प्यायलो नव्हतो. बसलो आणि पाणी मागितलं. कल्याणराव उठायला लागले, तर तिने त्यांना खाली बसवलं आणि स्वतः आणलं. एक पेला प्यायलो, दुसरा मागितला. तिसरा तिने न मागता आणला. तो मला नको होता, पण प्यायलो. पाणी बोअरचं आहे, जरा मचूळ लागतं. चांगलं आहे असं मी तिला सांगितलं. ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि मला मुलांसमोर रडू आलं. अख्ख्या नोकरीत तारा घेऊन लोक माझ्यासमोर रडले, मी कधी रडलो नव्हतो. मुकुलने विचारलं की आजोबा, पाणी जास्त झालं का. मी हो म्हणालो.

पुणे राहिलं तरी चालेल, पण पुढच्या सुट्टीत आत्याकडे चार दिवस राहायचं, असं अक्षताने निघताना जाहीर केलं आहे. तिथे सगळं मनासारखं मिळतं म्हणे.

तू विचारलंस त्याचं उत्तर राहिलं. आप्पांनी नियम मोडला असं मला वाटत नाही. त्यांना तहान लागली होती आणि समोर लेक होती. माझं म्हणशील, तर इतकी वर्षं मी तुझ्या ओसरीवर बसून तहानलेला परत आलो, आणि तू मला दारापर्यंत सोडायला येत राहिलीस. त्याचं मला फार वाईट वाटतं आहे. रविवारी सकाळच्या एसटीने येतो. लोभ आहेच, तो मागायला नको. माठ तेवढा भरून ठेव.

तुझा गिरिधर