पायाळूची लाथ आणि माझी कंबर

धावडा,
पोळ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप प्रेमलावन्सं यांस,

गोपिकेचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या मान तेवढी लवते, बाकीची मनातल्या मनात वाकली असं समजा.) घनसावंगीला सगळं बरं असेल. तुमचे गुडघे काय म्हणतात? फोन केला असता, पण तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि माझी कंबर साऱ्या गल्लीला ऐकू जाते, म्हणून पत्र.

तर गोष्ट अशी, की दसऱ्याला अंगद मला पुण्याला नेणार आहे. नवव्या मजल्यावर, कायमचं. पोटचा पोरगा, पण आईला विचारायची रीत नाही. कपाट हलवायचं ठरवावं तसं ठरवून मोकळा झाला. कारण काय, तर माझी पाठ.

आषाढात पाण्याची बादली उचलायला वाकले आणि तशीच अडकले. जालन्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी माझ्या अंगणवाडीतून कालच बाहेर पडल्यासारखी. तिनं मणक्यांचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, की वयानं मणक्यांमधल्या गाद्या सुकून चपट्या झाल्यात, सांधे झिजलेत. आधी मणके सैल पडून डुगडुगतात. पुढं शरीरच हाडाची भर घालून त्यांना आवळतं, मग ते धड वाकत नाहीत. म्हणजे आधी नको तेवढं हलायचं आणि नंतर हलायचंच नाही. मला आपली ग्रामपंचायत आठवली. औषध काय, तर रोज चाला, पाठीपोटाचे व्यायाम करा, झोपून राहू नका. एवढं सांगायला इतकी वर्षं शिकावं लागतं? वर एक पट्टा दिला. तो लुगड्यावरून बांधला की मी पोळ्याच्या बैलासारखी दिसते, आणि आतून बांधला की श्वास बाहेरच राहतो.

अंगदनं फोनवर बजावलं होतं, पोळ्याला येईन तेव्हा ताठ उभी दिसली पाहिजेस, नाहीतर पुणे. म्हणून मी शेजारच्या झुंबरबाईचं ऐकलं. तिचा मच्छिंद्र पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला. अशा माणसानं उंबऱ्यावर पाठीत तीनदा लाथ मारली की उसण निघते म्हणे. (हा मच्छिंद्र पन्नाशीचा, आणि पोट असं की स्वतःचे पाय दिसून त्याला चार-पाच पोळे झाले असतील.) मी उंबऱ्यावर पालथी पडले. त्यानं एक पाय उचलला, दुसऱ्यावर झोकांडला आणि बोंब मारत माझ्या शेजारीच आडवा झाला. आता त्याच्या पाठीत उसण भरली! आम्ही दोघं उंबऱ्यावर, झुंबरबाई कपाळ बडवतेय, आणि दारात अंगदची गाडी. "आई, हे काय करून राह्यली तू?" तेवढ्यात झुंबरबाई लेकाकडं बघून म्हणाली, "ह्यो न्हाई वं गोपिकाबाई, पायाळू तर याचा थोरला भाऊ. मीच इसरले." स्वतःची बाळंतपणं ध्यानात नाहीत, आणि निघाली दुसऱ्याची कंबर बरी करायला!

अंगदनं मला उठवलं, चहा करून दिला आणि निकाल सांगितला: एकटीनं राहायचं नाही. चहासुद्धा धड नव्हता.

नातवंडांना आशीर्वाद. वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहिणार होते, पण तुमच्याहून वडील आता उरलंय कोण?

तुमची भावजय,
गोपिका

ता. क. : तुम्ही खऱ्या पायाळू, हे मला ठाऊक आहे. सासूबाई सगळ्या गावाला सांगायच्या. पण नणंदेकडून लाथ मागून घेणारी भावजय अजून जन्मायची आहे.

ता. क. दुसरा : लाथेवर माझा विश्वास नाहीच. त्या पोरीनं सांगितलेले व्यायाम मी गुपचूप करते, अर्धी बादली उचलता येते. अंगदला सांगू नका, मला त्याच्यावर रागवायचंय. तो म्हणाला, घरात दुसरं माणूस असतं तर तुला नेलं नसतं. वन्सं, मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेला गेली की तुम्हीही दिवसभर दाराकडं बघत बसता. मला हे घर सोडायचं नाही हो. दसऱ्याआधी या, आणि राहायलाच या. लाथ मारायचीच असेल तर आयुष्यभर सावकाश मारा.