शब्दांच्या सात वह्या कोणाच्या

मी, इंदिरा वेणीमाधव गर्गे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार पंचवटी, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणणारी माणसे एकतर वारली आहेत किंवा क्लासमध्ये आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी फक्त वार विचारला होता, मी तिथीही सांगितली.

कलम १. माझ्या नावावरचा फ्लॅट माझा एकुलता एक, इंग्रजीचा क्लास चालवणारा मुलगा आल्हाद यास मिळावा. त्याचे गंगापूर रोडला मोठे घर आहे, त्याला याची गरज नाही. पण ‘आईने रागाच्या भरात घर दिलं नाही’ असे चारचौघांत सांगायची सोय मी त्याला ठेवणार नाही.

कलम २. माझ्या पाटल्या नात इरा हिला. तिने त्या मोडून काहीही करावे, बापाच्या क्लासची फी मात्र भरू नये.

कलम ३. आता मुद्द्याचे. तांबड्या कापडात बांधलेल्या माझ्या सात वह्या.

आमचे घराणे तीर्थोपाध्यायांचे. यजमान गोदावरीवर आले की त्यांचे गाव आणि कूळ विचारायचे, वंशावळीची वही उघडायची आणि त्यांच्या खापरपणजोबांचे नाव वाचून दाखवायचे. वही जीर्ण झाली की नव्या वहीत उतरवायची. त्या वह्यांना हात लावायची सुनेला मुभा नव्हती. मी जुनी अकरावी पास, अक्षर घरात सर्वांत चांगले. एकदा घरात उतरवणे चालले असताना मला एका कुळात आजोबा नातवाच्या नंतर जन्मलेला दिसला, म्हणून मी लांबूनच चूक दाखवली. यजमान म्हणाले (म्हणजे माझे यजमान), “वहीत असेल तसं उतरवायचं. शहाणपणा करायचा नाही. आल्हाद, ऐकतोयस ना?” आल्हाद ऐकत होता. त्याने बापाची एवढी एकच गोष्ट आयुष्यभर पाळली.

मग मी माझी वही केली. त्यात इंग्रजी शब्दांची कुळे लावली. एस आणि एन जोडीने आले की बहुतेक नाकाचे काहीतरी निघते: स्निफ, स्नीझ, स्नोअर. जी-एलच्या घरात उजेड: ग्लो, ग्लिटर, ग्लीम. डब्ल्यू-आरकडे सगळे पिळलेले: रिस्ट म्हणजे मनगट, रिंकल म्हणजे सुरकुती, रेंच म्हणजे पिरगळणे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि अर्थ डोक्यात राहावा म्हणून घरातले उदाहरण. तीस वर्षे, स्वयंपाक आटोपल्यावर, मी हेच केले. त्यात मला जे सुख मिळाले ते दुसऱ्या कशात मिळाले नाही.

मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या कलाबाई तेव्हा म्हणाल्या, “ताई, पोरीला लय नाद हाय वाचायचा. बसू द्या तुमच्या वहीपाशी.” त्यांची प्रतिभा माझ्या स्वयंपाकघरात सातही वह्या शिकली. आज ती सातपूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि रविवारी कामगारांच्या मुलींना फुकट शिकवते.

मागच्या वर्षी आल्हाद म्हणाला, “आई, वह्या जीर्ण झाल्यात. टाइप करून ठेवतो.” मला भरून आले. सहा महिन्यांनी पुस्तक निघाले, ‘आल्हाद सरांची शब्दकुळे’. प्रकाशनाला मी पहिल्या रांगेत होते. एका पत्रकाराने विचारले, घरी इंग्रजीचे वातावरण होते का? चिरंजीव माईकवर म्हणाले, “छे हो! आईला कुठलं इंग्रजी? पण तिचे आशीर्वाद होते.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तो अपमान मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतिभाचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना. “काकू, सरांच्या पुस्तकात तुमच्या जाऊबाई आहेत!”

मी पाहिले. खरेच होत्या. आल्हादने घराण्याच्या रिवाजाप्रमाणे सगळे असेल तसे उतरवले होते. पान ११२: ‘स्निअर – नाक मुरडून हसणे. उदा. जाऊबाई, माझे नवे पातळ बघून.’ ‘स्नोअर – घोरणे. उदा. हे, जेवल्यावर, पाहुण्यांसमोर.’ ग्लिटरच्या खाली ‘दळण आणायचे आहे’ हेही छापले आहे. नाशिकमधली पोरे हे पाठ करून परीक्षेला बसतात. माझ्या सासूबाई तर तीन कुळांत आहेत.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. आल्हाद उदाहरणे काढणार आहे, कारण पालक विचारू लागले की सरांचे ‘हे’ कोण. उदाहरणे गेली की पुस्तकातला माझा पुरावाही गेला. म्हणून लिहिते: सातही वह्या आणि त्यांतील मजकुराचे सर्व हक्क प्रतिभा हिला द्यावेत. आल्हादने पुढची आवृत्ती काढू नये. प्रतिभाने काढावी, एकही उदाहरण न गाळता, आणि लेखिका म्हणून फक्त माझे नाव घालावे. नातेवाइकांना राग आला तर तो त्यांनी स्निअर करून व्यक्त करावा.

कलम ४. अर्पणपत्रिका मी ठरवून ठेवली आहे. तिच्यात बदल करू नये: ‘चि. आल्हाद यास. त्याने वह्या वाचल्या असत्या, तर हे पुस्तक माझे आहे हे कोणालाच कळले नसते.’

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही: इंदिरा वेणीमाधव गर्गे

साक्षीदार:
१. झुंबरबाई सहादू पगार, शेजारीण
२. राकेश रंगनाथ जाधव, झेरॉक्सवाले (वह्यांच्या तीन प्रती काढून दिल्या)

ठिकाण: नाशिक
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५